सोबतीचा वेग

नव्याने सायकल घेणारा जो तो मला एकच विचारतो, "कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "कोणाबरोबर चालवणार?" प्रश्न टाळायचा म्हणून नाही. गेल्या नऊ वर्षांत मी भारी भारी सायकली जिन्याखाली धूळ खात पडलेल्या पाहिल्या आणि साध्या, जुन्या सायकली रोज रस्त्यावर पळताना पाहिल्या. फरक बहुतेक वेळा सायकलीत नव्हताच. पहाटे कोणीतरी खाली येऊन वाट बघत उभं आहे की नाही, एवढाच होता.

माझी वाट बघायची ती माझी मैत्रीण. आम्ही एकाच ऑफिसात. "आपण काहीतरी सुरू करायला हवं" हे वाक्य दोन वर्षं रोज डबा खाताना बोलून झालं होतं. मग एक दिवस ती सायकलवरून कामाला आली आणि म्हणाली, "उद्यापासून तूही." मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तीन किलोमीटर गेलो. चढ आला तशी मी उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. तीही उतरली. तिला उतरायची काहीच गरज नव्हती. "अगं, तू हो ना पुढे," मी म्हटलं. "पुढे जाऊन काय करू?" ती म्हणाली.

तरी "कुठली घेऊ" याचं उत्तर देते. आपल्या उंचीला बसेल ती. फ्रेमचं माप चुकलं तर बाकीचं कितीही जुळवा, शरीर कुरकुरतच राहतं. टायर फार अरुंद नको. रोजच्या, थोड्याफार खडबडीत रस्त्याला २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचा टायर उत्तम. आणि फ्रेमवर कॅरियर, मडगार्ड लावायची सोय आहे का, ते आवर्जून बघा. सायकल फक्त रविवारची राहते की रोजची होते, ते बरंचसं यावर ठरतं.

सीटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकजण सायकल सोडतात. पहिले दोन महिने माझे गुडघे पुढच्या बाजूने दुखत होते. वयामुळे असेल, असं मी धरून चालले होते. मैत्रिणीने एकदा मागून येताना पाहिलं आणि थांबायला लावलं. माझी सीट खूप खाली होती. थांबल्यावर दोन्ही पाय आरामात जमिनीला टेकावेत, म्हणून मी ती तशी ठेवली होती, आणि नवशिके जवळपास सगळे हेच करतात. सीटवर बसून दोन्ही तळवे पूर्ण टेकत असतील तर सीट खालीच आहे असं समजा. योग्य उंची काढायची साधी रीत अशी : भिंतीला धरून सीटवर बसा, एक पेडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना टाचेऐवजी चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. बदल करायचा तो चार-पाच मिलिमीटरचा, आणि दोन-तीन दिवस चालवून मगच पुढचा. उंची जमली की सीटच्या दांड्यावर त्या ठिकाणी रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. सीट कधी काढावी लागली किंवा दुसऱ्या कोणी चालवायला नेली, तरी आपली खूण आपल्यापाशी राहते. माझी पट्टी लाल, तिची पिवळी.

हात बधिर होत असतील तर कोपर ताठ ठेवू नका आणि हँडलवरची पकड अधूनमधून बदला. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं तरी सगळा भार हातांवर येतो, तेही तपासा.

गियरचं तंत्र मला उशिरा कळलं. जड गियर टाकून ताकदीने पेडल दाबत जाणं म्हणजे चांगली सायकल चालवणं, अशी माझी समजूत होती. उलट आहे. हलका गियर ठेवून पाय भराभर फिरवायचे. मिनिटाला सत्तर ते नव्वद फेऱ्या बहुतेकांना जमतात आणि गुडघे सांभाळले जातात. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गियर टाका. चढावर अर्ध्यात पोचून, पेडलवर पूर्ण जोर असताना गियर बदलला की चेन कडकडते, कधी पडतेही. बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करायचा, पाय फिरते ठेवायचे. आठवडाभरात हाताला कळतं, मग आयुष्यभर विसरत नाही.

ब्रेकचंही तसंच. पुढचा ब्रेक लावला तर आपण उलटून पडू, या भीतीने पुष्कळजण फक्त मागचा दाबतात. पण ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे थांबवायचं मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत, अंग थोडं मागे सरकवून. आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर नव्हे. रिकाम्या मैदानात वीस-पंचवीस वेळा सराव करा. आम्ही तो एका संध्याकाळी तासभर केला होता आणि माझी उताराची भीती त्या तासातच गेली.

आता वारा. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या पुढे गेलं की आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वारा नसताना वेग दुप्पट करायचा तर हवेशी झगडायलाच आठपट शक्ती हवी. म्हणून तर समोरचा वारा चढापेक्षा जास्त थकवतो. चढाला माथा असतो, वाऱ्याला नसतो. पण पुढे कोणी असेल आणि आपण त्याच्या मागच्या चाकाजवळ राहिलो, तर हा भार चांगलाच हलका होतो. त्या आडोशात पहिल्यांदा शिरले ते अजून आठवतं. कानातला वाऱ्याचा आवाज एकदम बसला आणि समोर तिची पाठ होती, माझ्या वाट्याचा वारा झेलत. आम्ही पाळी लावून घेतली : पाच मिनिटं ती पुढे, पाच मिनिटं मी. ज्या दिवशी एकीची झोप झालेली नसायची, त्या दिवशी दुसरी न बोलता जास्त वेळ पुढे राहायची.

या आडोशाला एक धोका आहे आणि तो मी अंगावर घेतला आहे. पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूने आपलं पुढचं चाक कधीही शिरू देऊ नका. पुढच्याने खड्डा चुकवायला जरा बाजू घेतली की चाकाला चाक घासतं, आणि पडतो तो मागचा. तिसऱ्या वर्षी मी अशीच बोलता बोलता तिच्या उजव्या बाजूला अर्धं चाक पुढे सरकले होते. ती कुत्र्याला चुकवायला वळली. मी खांद्यावर आपटले, हेल्मेटला तडा गेला. डोक्याला काही झालं नाही ते हेल्मेटमुळेच. असा मार बसलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. तेव्हापासून पुढची बोलते : "खड्डा!", "वाळू!", "थांबतेय!" मागची सांगते : "गाडी मागे!" हाताच्या खुणाही आहेत, पण खराब रस्त्यावर हात हँडलवरच बरे. आवाज पुरतो.

हळूहळू आम्ही दोघींच्या सात-आठजणी आणि चार-पाचजण झालो. गट वाढला की वेगाचा प्रश्न येतोच. काही गटांत जोरात जाणारे पुढच्या नाक्यावर थांबतात, मागचा धापा टाकत पोचला की लगेच "चला" म्हणून निघतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. असा माणूस तिसऱ्या आठवड्याला येत नाही. आमच्याकडे शेवटचा माणूस पोचून पाणी पिऊन स्वतः "निघूया" म्हणेपर्यंत कोणी हलत नाही. सगळ्यात मागे कायम एक अनुभवी माणूस असतो आणि ही जबाबदारी आळीपाळीने येते. ज्यांना वेगाने जायचंय त्यांनी महिन्यातला एक दिवस वेगळा काढावा. तो आनंदही खरा आहे, मी तो घेते.

पंक्चर काढायला शिका. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर चाकावरून सोडवायच्या पट्ट्या), हातपंप, पॅच आणि सोल्यूशन, एवढं सीटखालच्या पिशवीत मावतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवा. काटा किंवा काच तिथेच अडकलेली असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. पॅच लावताना ट्यूब पॉलिशपेपरने घासा, सोल्यूशन लावा आणि ते वाळू द्या. घाई करून ओल्यावर पॅच चिकटवला की तो निघतो. हवा भरलेला टायर जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये १८८८ मध्ये केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी, भरीव रबराच्या चाकांवर पोराला धक्के बसू नयेत म्हणून. रस्त्याकडेला बसून ट्यूबमध्ये हवा भरताना मला नेहमी तो बाप आठवतो. हवा आठवड्यातून एकदा तरी तपासा, कारण चांगली ट्यूबसुद्धा हळूहळू हवा सोडते. किती भरायची त्याची मर्यादा टायरच्या बाजूवर लिहिलेली असते. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे किंचित जास्त.

चेन पुसून, थेंब थेंब तेल घालून, जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्यायचं. वरून ओघळणारं तेल फक्त धूळ धरतं. चेन बदलायची वेळ पट्टीने कळते. नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत चोवीस कड्यांचे बरोबर बारा इंच भरतात. ते एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदला, नाहीतर ती मागच्या दात्यांची चक्रीही खाऊन टाकते.

रोजच्या कामासाठी सायकल वापरायला लागा, हे मी सगळ्यांत आग्रहाने सांगते. व्यायामासाठी वेगळा वेळ काढायचा म्हटलं की मुलाची परीक्षा, घरातलं आजारपण, ऑफिसातली घाई, काहीही तो वेळ गिळतं. पण ऑफिसला तर जायचंच असतं, भाजी तर आणायचीच असते. आठवड्यातून दोन दिवसांनी सुरुवात करा. आदल्या सुट्टीला रिकाम्या रस्त्याने एकदा जाऊन या, म्हणजे वेळेचा अंदाज येतो. सगळ्यात जवळचा रस्ता निवडू नका, कमी रहदारीचा निवडा. दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. एक जादा शर्ट ऑफिसात ठेवा, सामान पाठीवर न घेता कॅरियरवर बांधा. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. तिथे खडी असते, आणि आपण दिसत नाही. उभ्या गाड्यांपासून एका दरवाजाचं अंतर ठेवा. मोठ्या वाहनाच्या बाजूने पुढे घुसू नका, तिथे तुम्ही चालकाला दिसत नाही. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, आणि कुलूप फ्रेम व चाक दोन्हींतून.

पाचव्या वर्षी आम्ही दोघींनी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे केली. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेला मार्ग, मधले नियंत्रण-थांबे आणि वेळेची मर्यादा. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. पहिला आला काय किंवा शेवटचा, क्रमांक दिला जात नाही. या परंपरेतली सगळ्यात मोठी म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस : पहिल्यांदा झाली १८९१ मध्ये, अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, मुदत जास्तीत जास्त नव्वद तास, आता दर चार वर्षांनी. तिथे जायचं आमचं काही ठरलेलं नाही. आम्हाला ती दोनशेच पुरली. तयारी म्हणून आधी चार महिने दर पंधरा दिवसांनी अंतर थोडं वाढवत गेलो. भूक लागायच्या आधी खायचं, हा धडा मात्र आधी ऐकलेला असून विसरले. एकशे तीसच्या आसपास अंगातली शक्ती अचानक संपली, हातपाय थरथरू लागले. तिने मला सावलीत बसवलं, स्वतःच्या पिशवीतलं खायला दिलं आणि वीस मिनिटं घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. बारा तास पन्नास मिनिटांत पोचलो.

गेल्या वर्षी ती घरातच घसरून पडली आणि तिचा घोटा मोडला. पाच महिने सायकल बंद. पहिले तीन आठवडे मी एकटी गेले, मग चुकवू लागले, मग तिच्या घरी जाऊ लागले. तिथे बसून तिच्या सायकलीची चेन पुसायची, चाकं फिरवून बघायची. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून हवा भरून ठेवायची. तिचं बोलणं ऐकायला तेवढं निमित्त पुरायचं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या आठवड्यात आम्ही निघालो, सगळ्यात हलका गियर टाकून, ताशी आठ-नऊच्या वेगाने. इतकं सावकाश चालवायला तोल लागतो. नजर लांब ठेवायची, पेडल चालू ठेवून मागचा ब्रेक अगदी हलका धरायचा. नवशिक्याबरोबर जायचं असेल तर हे आधी शिकून घ्या.

एक किलोमीटर झाल्यावर ती म्हणाली, काहीतरी अडतंय. घोटा आता पूर्वीइतका वाकत नाही, त्यामुळे पाय खाली जाताना ताण येत होता. थांबलो. मी पाना काढला, सीट तीन मिलिमीटर खाली घेतली, ती बसली, थोडी फिरून आली, म्हणाली, "अजून थोडी." आणखी दोन. मग जमलं. नव्या जागी मी पिवळी पट्टी गुंडाळली. जुनी पट्टी तशीच आहे, पाच मिलिमीटर खाली.