गॅसची बार्बेक्यू ग्रिल: आधी झाकण उघडा, मग नॉब

साताऱ्यात यवतेश्वरापासून कासपर्यंत आणि तिकडे ठोसेघरच्या रस्त्याला आता बरीच शेतघरं झाली आहेत. थंडी पडली की त्यांच्या अंगणात कोळशाच्या शेगडीशेजारी गॅसची ग्रिलही दिसते. ग्रिल मला आवडते. धूर कमी, आच हवी तेवढी, आणि कोळसे फुलायची वाट बघत बसावं लागत नाही. पण तिच्याबद्दल जे सल्ले दिले जातात, ते ऐकवत नाहीत. ‘त्यात काय, घरच्या शेगडीसारखंच आहे’ हा त्यातला सगळ्यात वाईट. घरच्या शेगडीला झाकण नसतं. बर्नर उघडा असतो, चुकून गॅस सुटला तर तो पसरतो आणि लगेच वास येतो. ग्रिलचे बर्नर मात्र लोखंडी पेटीच्या तळाशी असतात आणि वर झाकण असतं. न पेटलेला गॅस त्या पेटीत साठतो. खाली जे सांगते आहे त्यातलं जवळजवळ सगळं एवढ्यासाठीच आहे, की न पेटलेला गॅस कुठेही साठू द्यायचा नाही.

जागा

जागा उघडी हवी. उघडी म्हणजे वर छप्पर नको, आणि भिंत, मांडव, गाडी, कडब्याची गंजी हे सगळं दहा फूट तरी लांब. शेडनेटखाली नको. बेदाण्याच्या शेडमध्ये नको. तासगावकडच्या आमच्या पाहुण्यांना हे मी प्रत्येक वेळी सांगते. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पडलेलं असेल तर आधी चांगला मोठा चौक झाडून मातीपर्यंत मोकळा करा. पाऊस आला म्हणून पेटलेली ग्रिल पोर्चमध्ये ओढून घेणं तर अजिबात नको. बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास. पाऊस आला तर ग्रिल बंद करा आणि उरलेलं घरात तव्यावर भाजा. चव थोडी वेगळी लागेल, बाकी काही बिघडत नाही.

गच्चीवर करणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराकडे जातो. गच्चीचा कठडा विटांचा भरीव असेल तर गॅस आतच कोंडतो आणि जिन्याच्या दारातून खाली घरात उतरतो. म्हणून सिलिंडर जिन्यापासून लांब ठेवा आणि दार लावून घ्या. शेतावर असाल तर विहीर, हौद, ड्रेनेजचं चेंबर यांच्या जवळपासही सिलिंडर नको.

सिलिंडर, पाइप, रेग्युलेटर

सिलिंडर १४.२ किलोचा असो की ५ किलोचा, तो सपाट जमिनीवर उभा, ग्रिलच्या खाली नाही तर बाजूला, पाइप पुरेल तेवढा लांब आणि वारा येतो त्या अंगाला ठेवा. कड्याच्या आतल्या पट्टीवर तपासणीची मुदत असते: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. पाइप आयएसआय शिक्क्याचा, आत तारेची जाळी असलेला नारिंगी सुरक्षा पाइपच हवा आणि तो ५ वर्षांनी बदलायचा. तो ग्रिलच्या तापलेल्या पत्र्याला कुठेही टेकत नाही ना, हे बघा.

रेग्युलेटरबाबत माझं मत पक्कं आहे. आच कमी पडते म्हणून केटररकडचा, भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर आणून ग्रिलला लावतात, तो लावू नका. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो. ग्रिलच्या मागच्या पट्टीवर तिला किती दाब लागतो ते लिहिलेलं असतं. २८ ते ३० असेल तर घरचा रेग्युलेटर चालतो. आकडा वेगळा असेल तर जिथून ग्रिल घेतली तिथून जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड, बदलून घ्या किंवा त्यांनी सांगितलेलाच रेग्युलेटर लावा. जास्त दाबाने नुसती आच वाढत नाही, नॉबच्या मागून गॅसही गळू शकतो.

दुसरी वाईट सवय म्हणजे सिलिंडर आडवा करणं. महाबळेश्वर-पाचगणीच्या गारठ्यात सिलिंडर संपत आला की आच मंदावते, कारण एलपीजीतल्या ब्युटेनची थंडीत वाफ सावकाश होते. मग कोणीतरी ‘जरा आडवा करा, अजून अर्धा तास चालेल’ म्हणतं. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस बाहेर येतो आणि एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. ज्वाला एकदम माणसाच्या छातीपर्यंत येते. संपला तर संपला म्हणा आणि दुसरा लावा.

जोडून झालं की साबणाचा फेस. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने रेग्युलेटरच्या जोडावर, पाइपच्या दोन्ही टोकांना आणि ग्रिलच्या तोंडाशी लावा, नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि मिनिटभर बघत राहा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून गळती बघणाऱ्याला ग्रिलजवळ उभंच करू नका.

पेटवणं

खरी अडचण इथे आहे, आणि माहितीपत्रकात ती दोन ओळींत उरकलेली असते. मलाही हे हाताला बसायला वेळ लागला, कारण ग्रिल दुकानात एका टिचकीत पेटते आणि आपल्या माळावर पेटत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. तो वारा संध्याकाळी ठोसेघर, सज्जनगडाच्या अंगाने सारखा असतो आणि ग्रिलशी आपलं भांडण त्याच्यामुळेच होतं.

क्रम असा. झाकण पूर्ण उघडा. सगळे नॉब बंद आहेत हे हाताने फिरवून बघा. मग रेग्युलेटर सावकाश चालू करा. इग्निशनच्या, म्हणजे ठिणगी पडते त्या जागेच्या, सगळ्यात जवळचा एकच नॉब मोठ्यावर फिरवा आणि लगेच ठिणगीचं बटण दाबा. तोंड जाळीवर वाकवायचं नाही, हात लांब ठेवायचा. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद. आता पाच मिनिटं थांबायचं, झाकण उघडंच ठेवून. एक बर्नर नीट पेटल्यावर शेजारचा, मग त्याच्या शेजारचा.

ही पाच मिनिटं कोणी थांबत नाही. भोवती पाहुणे, मुलं भुकेली, चिकन मुरून तयार, आणि चारचौघांत ग्रिल पेटत नाही म्हणून यजमान अवघडलेले. मग बटण टकटक दाबत राहतात आणि नॉब उघडाच असतो. प्रत्येक टिचकीला पेटीत आणखी गॅस येतो आणि शेवटची टिचकी तो सगळा एकदम पेटवते. त्याच्याही पुढचा सल्ला म्हणजे ‘वारा लागतोय, झाकण लावून पेटव.’ असं झाकण लावून पेटवलेलं मी एका ओळखीच्यांच्या शेतघरावर पाहिलं आहे. आधी भक् असा आवाज झाला, मग ते जड झाकण आपोआप मागे उलटलं. बटण दाबणाऱ्या मुलाच्या मनगटापासून कोपरापर्यंतचे केस जळून आखडले, भुवईचं टोक गेलं आणि जळक्या केसांचा वास अंगणात रेंगाळत राहिला. तो थोडक्यात वाचला, कारण चेहरा बाजूला होता. झाकण लावून ग्रिल पेटवायची नाही, कोणीही कितीही वेळा केलं असं सांगितलं तरी.

वाऱ्याचं काय करायचं? ग्रिलची दिशा बदला. वारा पाठीमागून लागता कामा नये, कारण मग आतली गरम हवा पुढे नॉबकडे आणि उभ्या माणसाकडे ढकलली जाते. वारा बाजूने जाऊ द्या. आडोसा करायचा तर एकाच बाजूला आणि चार-पाच फूट लांब. चारही बाजूंनी पत्रे लावून खोली करू नका, गॅस कोंडणारी जागा आपणच तयार केली असं होतं. आणि वारा इतका असेल की कागदी प्लेट हातातून उडते, तर त्या दिवशी ग्रिल पेटवू नका.

पेटलेली ग्रिल वाऱ्याने विझणं हे न पेटण्यापेक्षा वाईट, कारण ते कळत नाही. निळी ज्वाला दुपारच्या उन्हात दिसत नाही. बंद झाकणाखाली, मंद आचेवर, एक झोत आला की बर्नर जातो आणि गॅस चालूच राहतो. कानाने ओळखायला शिका. पेटलेल्या बर्नरचा एकसारखा घुमणारा आवाज असतो, विझला की नुसता बारीक सूं सूं उरतो. झाकणावरचा तापमानाचा काटा खाली येऊ लागला, तेलाचं चुरचुरणं थांबलं, गॅसचा वास आला, तर नॉब आणि रेग्युलेटर दोन्ही बंद करा, बाजूला उभं राहून झाकण उघडा, पाच मिनिटं थांबा आणि मग पहिल्यापासून सुरू करा. झाकण उघडल्या उघडल्या लायटर लावू नका. शेजारचा बर्नर चालू असेल तर त्यावरून पेटेल म्हणून वाट बघणंही चूक, तो पेटतो तेव्हा भडकाच होतो.

ज्वाला निळी हवी, टोकाला थोडी पिवळी चालते. पूर्ण पिवळी, झुलणारी ज्वाला असेल, किंवा जाळीऐवजी नॉबच्या मागे आग दिसत असेल, तर बर्नरच्या नळीत काहीतरी अडकलं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या ग्रिलमध्ये कोळी जाळं करतो आणि कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते, अगदी नळीच्या तोंडाशी, करंगळीएवढं. गॅसला पुढे वाट मिळत नाही, तो मागे फिरतो आणि नॉबपाशी पेटतो. म्हणून दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला ग्रिल बाहेर काढली की आधी बर्नर सोडवून बाटली धुवायच्या लांब ब्रशने नळ्या आरपार साफ करा. नळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. ही साफसफाई टाळून बाकी सगळं केलंत तरी उपयोग नाही.

भाजताना

झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं तापवा, जाळीला तेलाचा हात लावा, भाजायला घ्या.

कृष्णाकाठची वांगी भरतासाठी ठेवत असाल तर आधी टोचे मारा, नाहीतर फुटतात आणि गर अंगावर उडतो. चिकन मुरवताना जास्तीचं तेल निथळू द्या. तेल खाली ठिबकलं की ज्वाला वर येतात. तसं झालं तर तुकडे चिमट्याने बाजूच्या कमी आचेवर सरकवा. पाणी मारू नका, जळतं तेल उडतं. आग तेलाच्या ट्रेलाच लागली तर नॉब बंद, सिलिंडर बंद, झाकण बंद. वाळूची बादली हाताशी असावीच. तो ट्रे दर वेळी रिकामा करून धुवा, आणि साफसफाई वाचवायला तळाला फॉइल अंथरू नका, हवेची भोकं बुजतात. कच्च्या चिकनचं ताट आणि चिमटा वेगळा, आणि शिजल्याची खात्री करायला थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सिअस.

नायलॉनची साडी, ओढणी, सैल बाह्या ग्रिलजवळ नकोत. सुती कपडे घाला, पदर खोचा. पिणाऱ्याच्या हाती चिमटा देऊ नका. मुलांसाठी जमिनीवर चुन्याची रेघ ओढा. ती रेघ मुलं मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात.

जाळी घासायला तारेचा ब्रश मी वापरत नाही. त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि पुढच्या वेळी घासातून घशात जाते. अर्धा कापलेला कांदा चिमट्यात धरून गरम जाळीवर घासा, आणि गार झाल्यावर नारळाची शेंडी.

बंद करताना

आधी रेग्युलेटर बंद करा. पाइपमधला गॅस जळून ज्वाला आपोआप विझतील, मग नॉब. रेग्युलेटर काढलात तर सिलिंडरच्या तोंडाला टोपी लावा आणि तो उघड्यावर, सावलीत, उभा ठेवा. जिन्याखाली किंवा तळघरात नको. ग्रिल पूर्ण गार झाल्याशिवाय कव्हर घालू नका.

गळतीचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या आणि लांब गेल्यावर १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. पाइपच्या जोडाला ज्वाला लागली असेल तर ती फुंकून किंवा ओलं फडकं मारून विझवायच्या मागे लागू नका. गॅस चालूच राहिला तर तो न पेटता पसरतो. रेग्युलेटरपर्यंत हात पोचत असेल तर गॅस बंद करा, ज्वाला जाईल. हात पोचत नसेल तर सगळ्यांना लांब न्या आणि ११२ वर फोन करा.