बाळाला बाटलीने दूध पाजताना या चुका टाळा

वरचे दूध घेणाऱ्या बाळाच्या घरी गेले की मी आधी बाळाकडे नव्हे, पावडरच्या डब्याकडे पाहते. नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका म्हणून बावीस वर्षे काढल्यावर लागलेली ही खोड आहे. आईचे दूध पुरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून वरचे दूध देण्यात कमीपणा काहीच नाही. चीड येते ती ते देताना घरोघरी होणाऱ्या त्याच त्या चुकांची.

त्यातली सर्वांत घातक चूक म्हणजे दूध पातळ करणे. ‘एवढ्याशा पोटाला जड पडेल’ म्हणून आजी एक चमचा कमी घालते, डबा महाग म्हणून वडील आणखी एक वाचवतात आणि बाळाच्या वाट्याला पांढरे पाणी येते. काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांच्या एका मुलीला आमच्याकडे आणले होते. जन्मताना २.८ किलो असलेले तिचे वजन ३.९ वर अडले होते, आणि घरचे तर शपथेवर सांगत होते की ती प्रत्येक वेळी बाटली रिकामी करते. दृष्ट, जंत, आईच्या अंगातली उष्णता अशी सगळी कारणे सांगून झाल्यावर मी एवढेच विचारले की ४०० ग्रॅमचा डबा किती दिवस पुरतो. ‘नऊ दिवस आरामात,’ आजींनी कौतुकाने सांगितले. आता हिशेब पाहा. या वयात दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागते, म्हणजे तिला ५८५ च्या आसपास. त्यांच्या डब्यावर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण होते आणि त्या चमच्यात सुमारे साडेचार ग्रॅम पावडर मावत होती. त्या हिशेबाने डबा साडेचार दिवसांत संपायला हवा होता. तो नऊ दिवस पुरत होता, याचा अर्थ मुलगी निम्म्यावर जगत होती. अशा दुधाने नुसते वजनच अडत नाही, तर जादा पाण्यामुळे रक्तातले सोडियम घसरून बाळाला झटकेही येऊ शकतात. सुदैवाने तिच्यावर ती वेळ आली नाही आणि प्रमाण सुधारल्यावर पंधरवड्यात तिचे वजन अर्ध्या किलोने वाढले.

तेव्हापासून डबा फोडला की झाकणावर तारीख लिहायची, असे मी प्रत्येक आईला बजावते. पाणी आधी मोजायचे, पावडर नंतर घालायची. चमचा त्याच डब्यातला घ्यायचा, दाबून न भरता सुरीच्या पाठीने सपाट करायचा आणि मोठ्याने मोजायचा. मी मोजत असताना कोणी बोलले, तर ते पाणी ओतून देऊन मी पहिल्यापासून सुरुवात करते. लोक हसतात, हसू द्यावे. शीग लावून भरलेला चमचाही तितकाच वाईट, कारण घट्ट दुधाने बाळाला खडा होतो आणि अंगातले पाणी कमी पडते.

दुसरी चूक अधीर माणसांची आहे. बाळ पंधरा-वीस मिनिटे दूध पिते हे ज्यांना सोसवत नाही, ते गॅसवर सुई तापवून निपलचे भोक मोठे करतात. असे निपल लावलेली बाटली एका वडिलांनी माझ्यासमोर बाळाच्या तोंडाला लावली. तीन घोटांत बाळाला ठसका लागला, नाकातून दूध आले आणि ओठ निळसर झाले. बाळाला पालथे धरून पाठ थोपटेपर्यंतचे ते काही क्षण त्यांनाही विसरता आले नसतील. बाटली उलटी धरली असता दूध थेंबाथेंबाने पडले पाहिजे, धार लागता कामा नये. बाळाचे डोके उंच आणि बाटली जवळजवळ आडवी ठेवावी, मधूनमधून थांबावे आणि बाळाने तोंड फिरवले की थांबावेच. ‘एवढे तर संपव’ हा आग्रह पंगतीत ठीक आहे.

उशीला टेकवून बाटली बाळाच्या तोंडात सोडून देणे, हा तर शुद्ध आळस आहे. दुधात साखर किंवा ग्लुकोज घालू नये आणि वर्षाच्या आत मधाचे बोटही चाटवू नये. मायक्रोवेव्हमध्ये बाटली गरम केल्यास वरून कोमट लागणारे दूध आत कढत असू शकते.

पावडर डबाबंद असली तरी निर्जंतुक नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ते किमान ७० अंश गरम असतानाच, पावडर कालवावी. मग बाटली नळाखाली धरून दूध निववावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावे. रात्रीसाठी दूध कालवून ठेवणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही. मी उकळते पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत ठेवते. बाळाने उष्टे सोडलेले दूध तासाभरानंतर ओतूनच द्यावे, जीव कितीही हळहळला तरी.

बाटली आणि निपल आधी ब्रशने घासून मगच उकळावे, कारण चिकटलेली साय उकळल्याने निघत नाही, उलट शिजून घट्ट बसते. बाटलीपेक्षा बोंडले बरे म्हणणाऱ्या एका आजींच्या चांदीच्या बोंडल्याच्या चोचीत मी एकदा काडी घालून पाहिली, तर आतून पिवळट, आंबूस वासाचा लगदा निघाला. बाटली नको असेल, तर साधी वाटी आणि चमचा घ्यावा. त्यांत घाण लपायला जागाच नसते.