लहान मुलांसोबत घरातली प्रार्थना: पाच मिनिटं, पण रोज

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना अनेक ख्रिस्ती घरांत हौसेने सुरू होते आणि महिन्याभरात बंद पडते. श्रद्धा कमी पडते म्हणून नव्हे, वेळ चुकते म्हणून. बाबा लोकलची गर्दी झेलून साडेनऊला घरी पोचतात, तोवर चार वर्षांचं मूल पेंगुळलेलं असतं आणि आईच्या डोक्यात उद्याचा डबा असतो. त्यात गीत, वाचन, प्रार्थना असं मोठ्यांच्या पद्धतीने अर्धा तास चालतं. मूल चुळबुळ करतं, ओरडा खातं, आणि प्रार्थना म्हणजे ओरडा खायची वेळ हे त्याच्या मनात पक्कं बसतं.

म्हणून नवी वेळ शोधूच नका. रोज न चुकता होणाऱ्या कामाला प्रार्थना बांधा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात मुलांना शिकवायला सांगितलंय तेही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. डबा भरणं, शाळेच्या बसची वाट पाहणं, अंथरूण घालणं यांतल्या दोनच वेळा निवडा. आमच्या मते डबा बंद करताना एक वाक्य आणि अंथरुणावर पाच मिनिटं, एवढं टिकतं. बाबांना उशीर होत असेल तर त्यांच्यासाठी ताटकळू नका. रविवारी प्रार्थना त्यांनी चालवावी.

या पाच मिनिटांत गीताचं एक कडवं, बायबलचं एक वचन आणि मुलाची स्वतःची प्रार्थना. रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणणाऱ्या घरांत पाच वर्षांच्या मुलाला पूर्ण माळेला बसवू नका. दहा मणी त्याच्या बोटांनी पुढे सरकले तरी खूप झालं.

वचन आठवडाभर एकच ठेवा. तीन वर्षांच्या मुलाला ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) पुरतं. पाचव्या वर्षी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ (स्तोत्र २३:१) घेता येतं, पण इथे अडखळायला होतं. इमारतीत वाढलेल्या मुलाने मेंढपाळ पाहिलेला नसतो आणि ‘उणे’ हा शब्द घरात कोणी बोलत नाही. आधी चित्र दाखवा, ‘उणे’ म्हणजे कमी हे सांगा, मात्र पाठ वचनातलेच शब्द करून घ्या. चर्चच्या मंडळीत त्याच्या कानावर तेच पडणार आहेत. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी वाचता येत नसेल तर ऐकवून पाठ करा. स्वतःची प्रार्थना त्याने हव्या त्या सरमिसळ भाषेत करावी. ती मधेच सुधारू नका. सायकल मागितली तर मागू दे. सुरुवात जमत नसेल तर ‘आज काय आवडलं?’ एवढंच विचारा आणि जे उत्तर येईल त्यासाठी येशूला थँक्यू म्हणायला सांगा.

गोष्टींसाठी चित्रांची महागडी पुस्तकं लागत नाहीत. येशूने सांगितलेले कितीतरी दाखले, म्हणजे छोट्या बोधकथा, घरातल्याच वस्तूंचे आहेत: मीठ, दिवा, ठिगळ, खमीर (पीठ फुगवणारं आंबवण). मिसळणाच्या डब्यातला मोहरीचा एक दाणा मुलाच्या बोटावर ठेवला की तो दाखला निम्मा सांगून झाला.

हरवलेल्या नाण्याचा दाखला (लूक १५), म्हणजे दहांतलं हरवलेलं एक नाणं दिवा लावून, घर झाडून शोधणाऱ्या बाईची गोष्ट, असा करा. एक रुपयाची दहा नाणी ओळीत मांडा, मुलाकडून मोजून घ्या. ते दुसऱ्या खोलीत गेलं की एक नाणं चटईखाली सरकवा. दिवे मालवा, त्याच्या हातात टॉर्च द्या, तुम्ही केरसुणी घ्या. दोन-तीन मिनिटांत सापडेल इतपतच लपवा. फार वेळ लागला तर मूल रडकुंडीला येतं. सापडल्यावर आजीला, ताईला हाक मारा, टाळ्या वाजवा. मग म्हणा, ‘देव आपल्याला असाच शोधतो.’ हे वाक्य आधी सांगितलंत तर शोधण्याची ओढच उरत नाही. धाकटं तीन वर्षांखालचं असेल तर नाण्यांऐवजी मोठ्या बरण्यांची झाकणं घ्या, नाणं गिळण्याचा धोका असतो.

खमिराच्या दाखल्याला (मत्तय १३:३३) पाऊण वाटी कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि एक छोटा चमचा ड्राय यीस्ट घाला. दहा मिनिटांनी फेस आला की दोन वाट्या मैदा आणि चिमूटभर मीठ घालून मळा. शेजारी यीस्ट न घातलेला गोळा ठेवा. दोन्ही झाका. मुंबईच्या उकाड्यात पाऊण तासात एक गोळा दुप्पट होतो, दुसरा तसाच राहतो. मुलाला बोट खुपसून पाहू द्या. फेसच आला नाही तर पाणी कढत होतं किंवा यीस्ट जुनं होतं.

‘येशू बघतोय हं, खोटं बोलू नकोस’ हे वाक्य मात्र घरातून काढून टाका. त्याने खोटं थांबत नाही, येशूची भीती बसते. सौदाही शिकवू नका. बांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत हातापायांच्या, घरांच्या आकाराच्या मेणबत्त्या पाहून मूल विचारतंच, ‘ही दिली की घर मिळतं?’ तिथेच सांगा, ‘नाही, हे आपलं मागणं आहे, किंमत नाही.’

‘आपल्याकडे गणपती का नाही?’ हाही प्रश्न येणारच. उत्तर लहान आणि आदराचं हवं: ‘तो त्यांचा सण आहे, आपण येशूची प्रार्थना करतो.’ प्रसादाचं काय, यावर घराघरांत मतं वेगळी असतात. १ करिंथ ८ (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचा बायबलमधला अध्याय) नवरा-बायकोने मिळून वाचावं आणि गणपतीच्या आधीच काय ते ठरवावं. शेजारणीच्या दारात उभं राहून मुलाचा हात मागे ओढणं फार वाईट. नाताळात करंज्या-कुलकुलांचं ताट शेजारी पोचवायचं काम मुलाकडेच द्या.

रविवारची तयारी शनिवारी रात्री नऊच्या आत. इस्त्रीचे कपडे हँगरला, चपला दाराशी, अर्पणाचं नाणं मुलाच्या खिशात, शक्यतो त्याच्याच खाऊच्या पैशांतलं. झोपण्याआधी लोकलच्या मेगाब्लॉकचं (दुरुस्तीसाठी गाड्या बंद असण्याचं) वेळापत्रक बघा. सकाळी जाताना गाडी मिळते, उपासना आणि रविवारची शाळा आटोपून परतताना स्टेशनवर अडकायला होतं, आणि भुकेलं मूल तो राग चर्चवर काढतं. पिशवीत दोन केळी आणि पाण्याची बाटली असू द्या.