जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र कसं पारखावं, कसं जपावं

1938 सालच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची छापील प्रत आज लाखो डॉलरला जाते. पण डोक्यावर गाडी उचलून धरलेल्या सुपरमॅनचं ते मूळ चित्र कुणाकडे आहे, याचा आजवर पत्ता नाही. त्या काळच्या बहुतेक मुखपृष्ठांची हीच गत झाली. छपाईचा ब्लॉक तयार झाला की चित्राचं काम संपलं. मग कुणी ते फाडलं, कुणी रद्दीत टाकलं, कुणी कचेरीत आलेल्या पोराच्या हातात ठेवलं.

जे उरलं ते एखाद्याच्या हट्टामुळे. ईसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी आपल्याकडची जवळपास सगळी चित्रं सांभाळून ठेवली आणि ती पुढे लिलावात आली. बॅटमॅनचे चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी काही मुखपृष्ठं स्वतःजवळ ठेवली. चित्रं चित्रकारांना परत देण्याची पद्धत मोठ्या अमेरिकी प्रकाशकांनी 1970 च्या दशकात सुरू केली. ‘कॅप्टन अमेरिका’चे चित्रकार जॅक कर्बी यांना तर आपली चित्रं परत मिळवायला मार्व्हल या प्रकाशकाशी दीर्घ वाद घालावा लागला. 1987 मध्ये सुमारे दोन हजार पानं हाती आली, पण त्यांनी काढलेली पानं त्याच्या कितीतरी पट होती.

पायरी 1 : समोर काय आहे ते आधी ठरवा

मूळ चित्र म्हणजे ज्यावरून अंक छापला गेला तो पुठ्ठा. बाजारात त्याच्या जोडीला आणखी बरंच काही फिरतं : चित्रकाराने उतारवयात चाहत्यासाठी पुन्हा काढून दिलेलं तेच मुखपृष्ठ, नाकारलेलं कच्चं रेखाटन, छपाईसाठी रंगवलेला कलर गाइड (कुठे कोणता रंग ते दाखवणारी प्रत), फोटोस्टॅट. यातलं काहीही घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत त्या त्या वस्तूची द्या. आणि मूळ चित्र रंगीत नसेल तर दचकू नका. बहुतेक मुखपृष्ठं काळ्या शाईतच असत, रंगाचं काम वेगळं व्हायचं. गोल्ड की प्रकाशनाची रंगवलेली मुखपृष्ठं हा अपवाद.

पायरी 2 : मोजपट्टी लावा

साधारण 1967 पर्यंत अमेरिकी चित्रकार मोठ्या पुठ्ठ्यावर काम करत. चित्राची चौकट अंदाजे साडेबारा बाय साडेअठरा इंच असे, नंतर ती दहा बाय पंधरावर आली. 1950 च्या दशकातलं म्हणून दाखवलेलं मुखपृष्ठ लहान मापात असेल, तर बहुधा ते नंतर पुन्हा काढलेलं आहे.

पायरी 3 : डाग वाचा

माझ्या मते खरी पारख इथेच आहे, त्यामुळे घाई नको. कामातून गेलेला पुठ्ठा कधीच स्वच्छ नसतो. शाईखाली पेन्सिलीच्या रेषा, चुका झाकलेला पांढरा रंग, चिकटवलेलं शीर्षक, त्याखाली पिवळा पडलेला रबर सिमेंट हा गोंद, समासात संपादकाच्या सूचना, 1954 नंतरच्या कामावर अनेकदा मागच्या बाजूला कॉमिक्स कोडचा, म्हणजे कॉमिक्सचा मजकूर तपासणाऱ्या अमेरिकी यंत्रणेचा, शिक्का. दिवा बाजूने तिरका धरला की शाई आणि पांढरा रंग कागदावर उठून दिसतो. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले तर विषयच संपला, ती छापील प्रत आहे.

मग छापील अंक शेजारी ठेवून रेघ न् रेघ ताडून बघा. खाली दिवा लावून गिरवलेल्या नकलेत रेष जुळते, पण ब्रशचा वेग जुळत नाही. रेष चाचरत जाते. शीर्षक नवं असेल तर विक्रेत्याला विचारा. जुनं गळून पडल्यावर नवं लावणं नेहमीचंच, पण ते सांगितलं गेलं पाहिजे.

पायरी 4 : चित्र कुणाकुणाकडून आलं ते विचारा

प्रकाशकांच्या गोदामांतून काही चित्रं चोरीलाही गेली, म्हणून हा प्रश्न संकोच न करता विचारावा. लिलावगृहांच्या जुन्या नोंदी आधी चाळा. बेल्जियन चित्रकार हर्जे यांनी 1936 मध्ये टिनटिनच्या ‘ब्लू लोटस’साठी काढलेलं, पण न वापरलेलं मुखपृष्ठ घडी घालून प्रकाशकाच्या लहान मुलाला दिलं गेल्याचं सांगतात. 2021 मध्ये पॅरिसला ते सुमारे 32 लाख युरोंना विकलं गेलं. घड्यांच्या खुणा अजून दिसतात. तेव्हाही ती खरंच भेट होती का, असे प्रश्न उठलेच. चित्रावर ‘अमक्यास सप्रेम’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडायच्या भानगडीत पडू नका, तोच तुमचा पुरावा.

पायरी 5 : खिसा बघून निवडा

टॉड मॅकफार्लेन यांचं स्पायडरमॅनचं एक मुखपृष्ठ 2012 मध्ये साडेसहा लाख डॉलरच्या वर गेलं. त्या शर्यतीत न पडता प्रेमकथा, वेस्टर्न (काउबॉयच्या कथा) किंवा विनोदी प्राण्यांच्या मालिकांकडे वळा. रेखाटन तितकंच कसदार आणि गर्दी कमी.

पायरी 6 : जपणूक

पुठ्ठा मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ठेवा. भिंतीवर लावायचा असेल तर अतिनील किरण अडवणारी काच घ्या, काच चित्राला टेकू देऊ नका आणि उन्हाची भिंत टाळा. मार्करचे रंग सगळ्यात आधी उडतात. कडा कापू नका, लॅमिनेशन तर नाहीच. पांढरा रंग खरवडून खालची रेष बघायचा मोह आवरा. सुटलेला तुकडा घरच्या गोंदाने न चिकटवता वेगळ्या पाकिटात त्याच चित्राबरोबर ठेवा आणि कागद-संवर्धकाला दाखवा.

पावती, दोन्ही बाजूंचे फोटो आणि विक्रेत्याचं पत्र एकत्र ठेवा. पुठ्ठा तुमचा झाला तरी चित्र छापण्याचा हक्क त्याबरोबर येत नाही. टी-शर्टवर छापायचं मनात असेल तर आधी हक्कधारकाची परवानगी घ्या.