खुन्याच्या तोंडावरच्या पट्ट्या

यावलजवळ केळीच्या बागेत आमच्या हौशी थ्रिलरचं रात्रीचं शूटिंग झालं. सकाळी लॅपटॉपवर फुटेज पाहतो, तर पंपाच्या खोलीतल्या प्रत्येक शॉटमध्ये काळसर पट्ट्या सरकताहेत. खुनी विळा घेऊन दारात उभा, अन् तोंडावर झेब्रा! आधी मोबाइललाच शिव्या घातल्या. पण बाहेर टॉर्चवर घेतलेले शॉट स्वच्छ होते. म्हणजे घोळ खोलीतल्या स्वस्त एलईडी बल्बचा. आपली वीज ५० हर्ट्झची, असा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. माझं शटर, म्हणजे एकेक फ्रेम टिपायचा वेळ, मात्र ऑटोवर १/६० सेकंद; लुकलुकण्याशी मेळच नाही. दुसऱ्या रात्री प्रो मोडमध्ये, जिथं सगळं हातानं ठरवता येतं, शटर १/५०, म्हणजे बरोबर दोन लुकलुकींएवढं, आणि फ्रेम रेट सेकंदाला २५ ठेवला. पट्ट्या गायब. तिसऱ्या टेकला लाइनच गेली, मग उरलेला खून टॉर्चवर उरकला.