यांगत्सेच्या बोटीवर चढण्याआधी, आणि मुख्य म्हणजे ते कार्ड

चीनमधल्या यांगत्से नदीवरून छोंगछिंग ते यीचांग, प्रवाहाबरोबर तीन रात्री. उलट गेलात तर एक जास्त. व्हिसा, विमा, आईबाबांच्या गोळ्या हे सांगत बसत नाही. पासपोर्ट मात्र बोटीच्या खोलीत ठेवून उतरू नका. थ्री गॉर्जेस धरण बघायला जाताना मूळ पासपोर्ट मागतात, फोटोकॉपी नाही.

आता पैसे. तिकडे संत्रीवालीपासून टॅक्सीपर्यंत सगळे कोड स्कॅन करून घेतात. म्हणून निघण्याआधी, घरी बसून, फोनवर अलिपे (पैसे भरायचं चिनी ॲप) घ्या, पासपोर्टची पडताळणी करा, कार्ड जोडा. एवढं मीही केलं होतं. केलं नव्हतं ते हे: बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करणं. आपल्या कार्डांवर ते बहुधा बंदच असतात. आणि ओटीपी येतो तो नंबर नवऱ्याचा, त्याचं रोमिंग घेतलेलं नाही.

वाटेतल्या बायदीचंगच्या पायऱ्यांशी एक आजी संत्री विकत होत्या, गळ्यात कोडची पाटी. आईने विचारायच्या आधीच एक सोललं, अर्धं नातवाला दिलं. मी स्कॅन केलं: नाकारलं. परत: नाकारलं. आईच्या बोटांवरून रस ओघळतोय, आजी हसताहेत, मागे रांग. शेवटी आमच्याच बोटीवरच्या एका काकांनी पैसे भरले. लाज वाटली.

तेव्हा परदेशी व्यवहार चालू करा. ओटीपीच्या सिमला रोमिंग घ्या. दोन वेगळ्या बँकांची कार्डं जोडा. आणि हे सगळं एकाच फोनवर नको. किनाऱ्यावर माणसं पांगतात, आई एकीकडे, पोरं दुसरीकडे.

रोख थोडी असू द्या, सुटी. दहाच्या नोटा मुद्दाम मागून घ्या. दहा युआनच्या नोटेमागे चुथांग घळीच्या तोंडाचं, क्वेमनचं, चित्र आहे. डेकवर प्रत्येक जण नोट समोर धरून फोटो काढतो. आमच्याकडे एकही नव्हती. कार्ड चालत नव्हतं ते वेगळंच.

फोन: बोटीच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गुगल चालत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं. घळीत रेंज जाते, म्हणून भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा. पॉवर बँकवर चीनचा ३सी (सुरक्षा तपासणीचा) शिक्का नसेल तर २०२५च्या जूनपासून तिथल्या देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत. शांघायहून छोंगछिंगला उडणार असाल तर शिक्का बघून घ्या.

खाणं: शाकाहारी असाल तर "वो छ सू" (मी शाकाहारी आहे) पाठ करा. तरी विचाराच, भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. जिभेला मुंग्या आणणारा मसाला म्हणजे आपल्या तिरफळाचाच भाऊ, कोकणातल्यांना घाबरायचं कारण नाही. गरम पाणी सगळीकडे मिळतं. झटपट पोहे, उपमा, थेपले घ्या.

गुडघे: वाटेतल्या फंगडूच्या डोंगरावर रोपवेच्या पाळण्याने चढता येतं, आईला त्यानेच न्या. तिकीट काढताना परत तेच कार्ड लागतं, म्हणून सांगतेय. शिबाओचाईच्या बारा मजली लाकडी मनोऱ्याचे जिने अरुंद आणि उभे आहेत. बाबा खालीच बसले, काही बिघडलं नाही.

बूट घसरणारे नकोत. छत्रीपेक्षा रेनकोट. उन्हाळ्यात छोंगछिंग भाजून काढतं.

धरणाकडून फार अपेक्षा ठेवू नका. १८१ मीटर उंच आहे, पण वरून धुक्यात करडी भिंत दिसते एवढंच. बऱ्याच बोटी धरणाच्या वरच्या बाजूलाच उतरवतात, पुढे यीचांगपर्यंत बस. सामान आदल्या रात्री बांधा.

कार्डाच्या परदेशी व्यवहारांचं बटण आत्ता उठून बघा. जेवल्यावर नको, आत्ता.