गोड्या पाण्यातले मासे: गळापासून कालवणापर्यंत या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईकडच्या बहुतेक घरांत मासा म्हणजे समुद्राचा, नाहीतर खाडीचा. बोंबील, निवटी, पापलेट खाऊन तयार झालेल्या जिभेपुढे रोहू ठेवला की पहिली तक्रार ठरलेली: “याला चिखलाचा वास येतो.” मग पुढच्या वेळी मसाला दुप्पट पडतो. त्याने छातीत जळजळ होते, वास मात्र जागच्या जागी. हा वास पाण्यातून येतो. त्यामुळे रविवारी पोराबाळांना घेऊन गळ टाकायला निघणाऱ्यांची पहिली चूक घर सोडतानाच होते: पाणी कुठलं, हेच ठरलेलं नसतं.

जवळचं तळं म्हणजे आपलं तळं नव्हे

ठाणे हे तलावांचं शहर, नवी मुंबईतही गावागावाला तळं. पण शहराच्या मधोमध असलेल्या तळ्यात वर्षभर काय काय जातं ते आपण रोज बघतो. निर्माल्य, विसर्जन, कुठे कुठे सांडपाणी. असा मासा पकडायची मजा घ्या हवी तर, खाऊ नका. कारखान्यांच्या पट्ट्यातून वाहत येणाऱ्या नाल्यांच्या आणि वालधुनी नदीच्या पाण्याबाबत तर विचारच नको. जड धातू माशाच्या अंगात साठतात. ते उकळून जात नाहीत, तळून जात नाहीत आणि चवीला कळतही नाहीत. सकाळी मासे मरून तरंगताना दिसले तर “ताजेच आहेत” म्हणून उचलणारे महाभाग असतात. पाण्यातला प्राणवायू संपल्याने मेले की कुणी काही सोडल्याने मेले, हे काठावरून कळत नाही. हात लावू नका.

दुसरी बाजू परवानगीची. गावतळी आणि लहान जलाशय बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. बीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वाडीतले आंबे पाडणं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं, तिथल्या ओढ्यात मासेमारी चालत नाही. मोरबे, भातसा, तानसा ही पिण्याच्या पाण्याची धरणं. तिथेही परवानगीशिवाय जाऊ नये. मुलं सोबत असतील तर मी सरळ सांगेन: बदलापूर, मुरबाड, कर्जतकडे पैसे भरून मासे पकडू देणारी खासगी तळी आहेत, तिथे जा. पाणी कसं आहे ते विचारता येतं, काठ धड असतो आणि कुणाशी हुज्जत होत नाही.

पावसाळ्यात नदीवर जात असाल तर बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत हे लक्षात ठेवा. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, तुमचा गळ आवरून होईपर्यंत थांबत नाहीत. आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की गळाची कार्बनची लांब काठी आधी खाली ठेवा. तिच्यातून वीज वाहते.

मासा लागत नाही

बहुतेक वेळा कारण एकच असतं, आमिष चुकीच्या थरात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शिसं बांधून गोळा तळाला टाकायचा आणि कटल्याची वाट बघायची, असं दिवसभर चालतं. आधी दोरीवरचं तरंगतं बूच वर-खाली सरकवून खोली बदलून बघा, मग जागा बदला. रोहू-मृगळाला कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेला घट्ट गोळा चालतो. चिलापीला लहान गळ आणि गांडुळाचा तुकडा पुरतो, आणि मुलांनी सुरुवात चिलापीपासूनच करावी; ती पटकन लागते, त्यामुळे पोरं कंटाळत नाहीत. मे महिन्याच्या भर दुपारी मासे आमिषाकडे फिरकत नाहीत. पहाटे जा, नाहीतर उन्हं उतरल्यावर.

मुलांच्या हातात गळ देण्याआधी त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. एखाददुसरा मासा सुटेल, पण बोटात घुसलेला गळ सहज निघेल. काटा तसाच ठेवला असेल आणि बोटात रुतला, तर ओढाओढी न करता दवाखाना गाठा. शिंगटी लागली तर तिच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा आधी छाटा, मगच ती हातात धरा. साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) काय असतो ते आपल्याकडे सांगायला नको.

वलगणीच्या माशांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यातून शेतात चढतात, तेव्हा गाभोळीने भरलेले असतात आणि आडवी जाळी लावून सहज हाती येतात. चव भारी, मान्य. पण घरापुरते चार मासे घेणं वेगळं आणि ओढ्याचं तोंडच बंद करणं वेगळं. पाण्यात विषारी पावडर टाकणं किंवा सुरुंग लावणं हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

काठ ते घर

प्लॅस्टिकची पिशवी, स्कूटरची डिकी आणि शिळफाट्याचा ट्रॅफिक. अर्धे मासे इथेच वाया जातात. काठावरच कल्ले आणि आतडी काढा, थर्मोकोलच्या पेटीत माशाच्या वजनाइतका बर्फ थराथराने घाला आणि वितळलेलं पाणी काढत राहा. मासा त्या पाण्यात डुंबत आला तर घरी पोचेपर्यंत मऊ पडलेला असतो.

काहीच लागलं नाही म्हणून परतीच्या वाटेवर बाजारातून मासा घेऊन “हा मीच पकडला” सांगायची परंपरा जुनी आहे, तिला माझा विरोध नाही. फक्त कल्ले लाल आहेत का ते बघा, आणि परदेशी मांगूर घेऊ नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि तो कसल्या पाण्यात वाढवतात हे बघितलेलं माणूस पुन्हा घेत नाही.

पित्ताची पिशवी

रोहू-कटल्याचं पोट कापताना विळी खोल जाऊ देऊ नका. मागच्या छिद्रापासून डोक्याकडे वरवर चीर द्या आणि आतलं सगळं डोक्याच्या बाजूने धरून सावकाश बाहेर ओढा. यकृताला चिकटलेली गडद हिरवी, लांबुळकी पिशवी दिसेल, तीच पित्ताची. ती फुटली की हिरवं पाणी मांसावर पसरतं आणि तो भाग कडू होतो. लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, मीठ चोळा आणि हिरवा डाग राहिला असेल तेवढं मांस कापून टाकून द्या. कालवणात उतरलेला कडवटपणा गूळ घालून जात नाही.

ही पिशवी मधुमेहावर किंवा दम्यावर “औषध” म्हणून गिळायला सांगणारे लोक भेटतात. अजिबात ऐकू नका. रोहूच्या पित्तात विष असतं, ते शिजवूनही जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पुढे मूत्रपिंडं बंद पडून डायलिसिसची वेळ आलेली आहे.

मातकट वास

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू ते तयार करतात, माशाच्या कल्ल्यांतून ते आत शिरतं आणि चरबीत साठतं. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तर ते उतरतं. घरी एवढं कुणी करत नाही, पण चरबी काढता येते. पोटाच्या आतलं काळं अस्तर नखाने किंवा मिठाने खरवडून पूर्ण काढा. कातडीखाली बाजूने जाणारी तांबूस मांसाची पट्टी काढा. लोक कल्ले काढतात आणि हे दोन्ही विसरतात.

मग आंबट. आंबटाने जिओस्मिनचा वास मोडतो. म्हणून चिंच, कोकम किंवा कैरी शेवटी चवीपुरती घालू नका. मीठ-हळदीबरोबर लिंबू किंवा चिंचेचा कोळ लावून तुकडे अर्धा तास ठेवा, ते पाणी ओता आणि मग नव्याने आंबट घालून शिजवा. समुद्राच्या माशाला इतकं आंबट जड होईल, याला लागतं. ठेचलेला लसूण सढळ हाताने, आगरी मसाला बेताने. नारळाचं वाटण मी घालत नाही, त्याने हे कालवण सुस्त होतं. मरळ बुळबुळीत असतो, त्याला चुलीची राख किंवा जाडं मीठ चोळून मगच कापायला घ्या.

कालवणात मासा टाकल्यावर पळी फिरवू नका, पातेलं कडेला धरून हलवा. तव्याला मासा चिकटतो तो ओला असतो म्हणून: मसाला लावण्याआधी फडक्याने टिपा, तवा पूर्ण तापू द्या, आणि खालची बाजू आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

काट्यांचं काय? रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे असतात. शेपटीकडचे आणि पाठीचे तुकडे मोठ्यांनी घ्यावेत. मुलांना पोटाकडचा तुकडा द्या, तिथे मोठे, दिसणारे काटे असतात. त्याहून सोपं म्हणजे त्यांच्यासाठी मरळ किंवा चिलापी. तरीही काटा घशात अडकलाच तर भाताचा गोळा, केळं असले उपाय करू नका, काटा त्याने आणखी आत रुततो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या; ते चिमट्याने काढतात.